गेममधला पॅकेट लॉस: आधी जागा शोधा, मग उपाय करा

पुढे गेलेलं पात्र झटक्यात मागे येतं, नेम बरोबर असूनही गोळी लागत नाही, कोपऱ्यातली पॅकेट लॉसची (म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, पॅकेटं, वाटेत हरवण्याची) खूण लाल होते. मग बहुतेक जण राउटर बंद करून चालू करतात, डीएनएस बदलतात, पोर्ट उघडतात, वाय-फायचा चॅनेल बदलतात आणि शेवटी जास्त स्पीडचा प्लॅन घेतात. तेही सगळं एकाच संध्याकाळी. लॉस गेला तरी कशामुळे गेला ते कळत नाही, आणि परत आला की पहिल्यापासून सुरुवात.

इथे क्रम उलटा आहे. तुमच्या मशीनपासून गेमच्या सर्व्हरपर्यंतच्या वाटेचे तीन तुकडे करायचे: मशीन ते राउटर, राउटर ते इंटरनेट कंपनीचं नेटवर्क, आणि तिथून पुढे सर्व्हर. पॅकेटं कुठल्या तुकड्यात गळतात हे दिसेपर्यंत एकही सेटिंग बदलायचं नाही. हे कंटाळवाणं वाटेल, पण सगळा वेळ इथेच वाचतो.

## १. लॉसच आहे ना, ते ठरवा

'लॅग' या एका शब्दाखाली चार वेगळ्या तक्रारी येतात आणि चौघींचे उपाय वेगळे आहेत.

- पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) जास्त: सगळं सुरळीत, पण प्रत्येक गोष्ट ठरावीक उशिराने होते.
- जिटर: पिंग सतत वरखाली. कधी ३०, कधी १४० मिलिसेकंद. हालचाल अडखळते.
- पॅकेट लॉस: काही पॅकेटं पोहोचतच नाहीत. पात्र मागे खेचलं जातं, दाबलेलं बटण वाया जातं, बाकीचे खेळाडू एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतात.
- फ्रेम रेट पडणं: दोष नेटवर्कचा नसतोच. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड दमलेलं असतं.

गेमचेच आकडे स्क्रीनवर आणा. व्हॅलोरंटमध्ये व्हिडिओ सेटिंग्जच्या 'स्टॅट्स' विभागात पॅकेट लॉसचा आलेख मिळतो, काउंटर-स्ट्राइक २ मध्ये 'टेलिमेट्री'चे पर्याय आहेत, फोर्टनाइटमध्ये 'नेट डीबग स्टॅट्स'. सोबत फ्रेम रेटही दिसू द्या. अडखळण्याच्या क्षणी फ्रेम रेट कोसळत असेल तर आधी गेमची ग्राफिक्स सेटिंग्ज उतरवा. मशीन गुदमरलं की आलेली पॅकेटंही वेळेवर उचलली जात नाहीत, आणि काही गेममध्ये तेसुद्धा नेटवर्कच्या खुणेतच दिसतं.

लॉस कुठल्या दिशेला आहे हेही बघा. तुमच्या गोळ्या लागत नाहीत आणि तुमचंच पात्र मागे येतं, तर संशय जाणाऱ्या पॅकेटांवर, म्हणजे अपलोडवर. तुम्ही नीट फिरता पण बाकीचे उड्या मारतात, तर येणाऱ्या पॅकेटांवर.

> सावध: 'व्हिडिओ तर अडकत नाहीत' किंवा 'स्पीड टेस्ट उत्तम आली' हा लॉस नसल्याचा पुरावा नाही. व्हिडिओ आधीच साठवून ठेवला जातो आणि हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवलं जातं. वेगवान गेम बहुतेक यूडीपी (डेटा पाठवण्याची एक पद्धत) वापरतात, तिथे हरवलेलं पॅकेट आपोआप परत येत नाही. आलं तरी उपयोग नसतो, कारण तोवर तो क्षण होऊन गेलेला असतो.

## २. मोजण्याआधीची तयारी

मोजणी बिघडते ती इथेच, म्हणून हे उरकून टाकू नका.

वायर लावा. लॅपटॉप किंवा पीसी राउटरला केबलने जोडा. कायमचं वाय-फायवरच खेळणार असलात तरी एक मोजणी वायरवर हवीच, कारण तुलना त्याच्याशी करायची आहे. कन्सोलवर खेळत असाल तर कन्सोलची केबल काढून तीच लॅपटॉपला लावा. म्हणजे केबल आणि पोर्टचीही परीक्षा होते.

मधली सॉफ्टवेअर बंद करा. व्हीपीएन (तुमची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा), 'गेम बूस्टर', मदरबोर्डसोबत आलेला नेटवर्कला प्राधान्य देणारा प्रोग्राम, सगळं. क्लाउड बॅकअप आणि गेम लाँचरची डाउनलोड थांबवा. विंडोजमधलं 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' इतर कॉम्प्युटरना अपडेट पाठवत असेल तर तेही तात्पुरतं बंद करा.

तीन पत्ते लिहून घ्या. कमांड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या, इथे फक्त त्यांचा उच्चार दिला आहे.

- *राउटरचा पत्ता:* विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' द्या आणि 'डीफॉल्ट गेटवे'ची ओळ बघा. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो.
- *कंपनीच्या नेटवर्कचा पहिला पत्ता:* 'ट्रेसर्ट १.१.१.१' द्या. राउटरनंतरची पहिली ओळ तो पत्ता दाखवते. तिथे नुसत्या चांदण्या आल्या तर उत्तर देणारी पुढची ओळ घ्या.
- *लांबचा पत्ता:* शक्यतो गेमचा सर्व्हर. सामना चालू असताना विंडोजचा 'रिसोर्स मॉनिटर' उघडा, नेटवर्क टॅबमध्ये गेमच्या नावावर खूण करा, म्हणजे गेम ज्या पत्त्यांशी बोलतो ते दिसतात. सर्वांत जास्त वाहतूक ज्याच्याशी चालू आहे तो सर्व्हर. अनेक गेम सर्व्हर पिंगला उत्तर देत नाहीत. तसं असेल तर १.१.१.१ किंवा ८.८.८.८ घ्या.

> तपासणी: दुसऱ्या ओळीचा पत्ता १० किंवा १००.६४ ने सुरू झाला तर घाबरू नका. अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात, त्याची ती खूण असते. पण दुसरी ओळही १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा घरात एकामागे एक दोन राउटर आहेत. मग पहिल्या तुकड्याचेही दोन भाग धरा आणि दोन्ही मोजा.

## ३. मोजणी: तिन्ही पत्ते एकाच वेळी

कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडा. प्रत्येकीत एक पत्ता घालून 'पिंग -एन ३००' सुरू करा आणि लगेच सामना खेळायला बसा. मॅक आणि लिनक्सवर -एनच्या जागी -सी. सेकंदाला एक याप्रमाणे साधारण ५ मिनिटांची मोजणी होते.

तिन्ही एकाच वेळी हवेत. आत्ता राउटर, मग दहा मिनिटांनी सर्व्हर असं मोजलं तर तुलनेला अर्थ उरत नाही, कारण लॉस येतो आणि जातो.

पॅकेटांचा आकडा मुद्दाम मोठा ठेवलाय. विंडोजचं साधं पिंग फक्त ४ पॅकेटं पाठवतं. खरा लॉस १% असेल तर त्या चारांत तो दिसण्याची शक्यता जेमतेम ४%. ३०० पॅकेटं पाठवली तर तीच शक्यता ९५% होते. 'पिंग करून बघितलं, काही नाही' असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी चारच पॅकेटं बघितलेली असतात.

शेवटची टक्केवारी बघून थांबूही नका, खिडकी वर सरकवून सगळ्या ओळी बघा. ३०० पैकी ३ पॅकेटं हरवली म्हणजे १%. ती पाच मिनिटांत विखुरलेली असतील तर गेम मधली जागा अंदाजाने भरून काढतो, तुमच्या लक्षातही येणार नाही. तीच तीन लागोपाठ गेली असतील तर काही सेकंद तुम्ही मैदानात पुतळा होऊन उभे होतात. टक्केवारी तीच, दुखणं पूर्ण वेगळं. विखुरलेला लॉस बहुधा खराब सिग्नल किंवा भरलेली लाइन दाखवतो. सलग खड्डे असतील तर केबलची सैल पिन, वाय-फायची चॅनेलबदल किंवा मोडेमचं पुन्हा जोडणं, असं काही शोधा.

अशा तीन फेऱ्या हव्यात:

1. वायरवर, घरात बाकी कुणी नेट वापरत नसताना.
2. वायरवर, रोज त्रास होतो त्याच वेळी.
3. तुम्ही नेहमी खेळता त्या जोडणीवर, त्याच वेळी.

प्रत्येक फेरीची तारीख, वेळ आणि तीन टक्केवाऱ्या लिहून ठेवा. पुढे कंपनीशी बोलताना हा कागदच कामाला येतो.

## ४. निकाल वाचा

- राउटरच्या खिडकीतच लॉस आहे: दोष पहिल्या तुकड्यात. पुढच्या दोन्ही खिडक्यांतला लॉस त्याचाच असू शकतो, म्हणून आधी हा मिटवा.
- राउटर स्वच्छ, पण कंपनीच्या पहिल्या पत्त्यावर आणि पुढेही लॉस: दुसरा तुकडा.
- दोन्ही स्वच्छ, फक्त लांबच्या पत्त्यावर लॉस: तिसरा तुकडा.
- तिन्ही स्वच्छ, पण गेम लॉस दाखवतोय: सर्व्हर किंवा गेमच. वेगळ्या रीजनवर (दुसऱ्या भागातल्या सर्व्हरवर) किंवा दुसऱ्या गेममध्ये खेळून खात्री करा.

वायरवरही राउटर अधूनमधून एखादं उत्तर चुकवतो, कारण पिंगला उत्तर देणं त्याच्या कामांच्या यादीत खाली असतं. राउटरच्या खिडकीत एखादं पॅकेट गेलं आणि त्याच वेळी लांबच्या खिडकीत काहीच गेलं नाही, तर ते सोडून द्या.

आता सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट. तिसऱ्या तुकड्यासाठी 'पाथपिंग' किंवा विनएमटीआर ही वाट मोजणारी साधनं चालवली की वाटेतल्या प्रत्येक हॉपचा (टप्प्यावरच्या राउटरचा) लॉस दिसतो, आणि मधल्या एखाद्या ओळीत ४०% बघून लोक तिथेच बोट ठेवतात. समजा असं आलं:

| हॉप | लॉस |
|---|---|
| १ | ०% |
| २ | ०% |
| ३ | ४०% |
| ४ | ०% |
| ५ | ०% |

इथे काहीही बिघडलेलं नाही. तिसऱ्या हॉपवर खरोखर ४०% पॅकेटं गळत असती तर ती चौथ्या आणि पाचव्यापर्यंत पोहोचलीच नसती. तो राउटर फक्त स्वतःला आलेल्या पिंगना मोजूनमापून उत्तर देतो, पुढे जाणारी वाहतूक नीट सोडतो. खरा लॉस एका हॉपपासून सुरू होतो आणि शेवटच्या ओळीपर्यंत टिकतो: ०, ०, ३, ३, ४ असा. शेवटची ओळ स्वच्छ असेल तर मधल्या ओळींकडे बघायचं नाही.

> सावध: पाथपिंग प्रत्येक हॉपला १०० पॅकेटं पाठवतं, त्यामुळे ते कित्येक मिनिटं गप्प बसतं. अडकलं समजून बंद करू नका. शिवाय ही साधनं फक्त जाण्याची वाट दाखवतात, परतीची वाट वेगळी असू शकते.

## ५. पहिला तुकडा: मशीन ते राउटर

वायरवर लॉस असेल तर आधी केबल बदला. दुरुस्त करत बसू नका, दुसरी लावा आणि पुन्हा मोजा. नंतर राउटरचा पोर्ट बदला. नेटवर्क अडॅप्टरच्या स्थितीत लिंक स्पीड बघा: दोन्ही बाजू गिगाबिटच्या असूनही १०० एमबीपीएसच दिसत असेल तर केबलमधली एखादी जोडी तुटलेली किंवा पिन सैल असण्याची दाट शक्यता आहे. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, म्हणून जोडणी गुपचूप खाली उतरते. 'स्पीड आणि डुप्लेक्स' हे सेटिंग 'ऑटो'वरच हवं. एका बाजूला ते हाताने बसवलं आणि दुसरी बाजू ऑटोवर राहिली, तर लॉस होऊ शकतो. त्यानंतर नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर, आणि त्याच्या पॉवर सेटिंगमधली वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी काढून टाकणं.

फक्त वाय-फायवर लॉस असेल तर खरा उपाय वायर हाच. वाय-फायवर हरवलेलं पॅकेट कार्ड स्वतःच पुन्हा पाठवतं, म्हणून आधी जिटर वाढतो आणि लॉस नंतर दिसतो. राउटरचं पिंग २ वरून मध्येच ८० वर जात असेल तर वाय-फायच्या लहरींत अडथळा आहे, टक्केवारी शून्य असली तरी.

वायर शक्य नसेल तर या क्रमाने:

1. ५ गिगाहर्ट्झवर जा. राउटर दोन्ही बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) एकाच नावाने देत असेल तर नावं वेगळी करा, नाहीतर मशीन गुपचूप २.४ वर उतरतं.
2. सिग्नल मोजा. -६७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) किंवा त्याहून शून्याच्या जवळ हवा. -७५ च्या खाली गेला असेल तर सेटिंग्ज बदलून काही साधणार नाही, राउटर जवळ आणा.
3. २.४ वरच राहावं लागत असेल तर चॅनेल १, ६ किंवा ११ घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मधले चॅनेल दोन्ही बाजूंच्या गर्दीत सापडतात. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हब वाय-फाय अँटेनापासून दूर ठेवा, त्यांचा रेडिओ गोंगाट नेमका याच बँडमध्ये पडतो.
4. ५ वर असूनही मधूनच काही सेकंदांचे खड्डे पडत असतील तर राउटर डीएफएस चॅनेलवर आहे का बघा. हे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले असतात. रडारची चाहूल लागली की राउटरला ते सोडावे लागतात. ३६ ते ४८ मधला चॅनेल हाताने बसवा.

मेश (घरभर वाय-फाय पसरवणारे एकमेकांना जोडलेले डबे) वापरत असाल तर दोन डब्यांमधली जोडणीही वाय-फायवर असते हे विसरू नका. मशीन जवळच्या डब्याला वायरने जोडलं तरी लॉस पुढच्या उडीत होऊ शकतो.

> तपासणी: प्रत्येक बदलानंतर राउटरला ३०० पिंग. फरक पडला नाही तर बदल मागे घ्या, मगच पुढचा करा.

## ६. दुसरा तुकडा: राउटर ते कंपनी

इथे दोन अगदी वेगळी कारणं आहेत: लाइन भरलेली आहे किंवा लाइन बिघडलेली आहे.

भरलेली लाइन ओळखणं सोपं. पिंग चालू ठेवा आणि फोनवरून एक मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावा. अपलोड सुरू होताच पिंग २० वरून २००-३०० वर गेलं, मग पॅकेटं हरवायला लागली, आणि अपलोड थांबवताच सगळं जागेवर आलं, तर कारण सापडलं. राउटर किंवा मोडेममध्ये लांबच लांब रांग लागते, तुमची गेमची छोटी पॅकेटं तिच्या शेपटाला उभी राहतात आणि रांग उतू गेली की टाकून दिली जातात. याला बफरब्लोट म्हणतात.

यावर जास्त स्पीडचा प्लॅन घेणं हा महाग आणि बऱ्याचदा निरुपयोगी उपाय आहे. राउटरमध्ये एसक्यूएम, एफक्यू-कोडेल किंवा केक या नावाची रांग आटोक्यात ठेवणारी सोय असेल तर ती चालू करा, आणि अपलोड-डाउनलोडची मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या ८५ ते ९५% वर बसवा. कंपनीने सांगितलेला स्पीड घालायचा नाही, त्रासाच्या वेळी मोजलेला घालायचा. मर्यादा खऱ्या स्पीडपेक्षा वर ठेवली तर रांग पुन्हा मोडेममध्येच लागते आणि सगळी मेहनत फुकट. राउटरमध्ये ही सोय नसेल तर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर घालता येणारं मुक्त सॉफ्टवेअर) चालणारा राउटर बघा, किंवा निदान खेळण्याच्या वेळेत बॅकअप आणि कॅमेऱ्यांचं अपलोड बंद ठेवा.

लाइन रिकामी असतानाही लॉस असेल तर ती बिघडलेली आहे. एकदा राउटर बाजूला काढून लॅपटॉप थेट मोडेमला जोडून मोजा. लॉस गेला तर दोष राउटरचा: फर्मवेअर, गरम होणं किंवा म्हातारपण. राहिला तर मोडेमच्या पानावरचे सिग्नलचे आकडे बघा. फायबरमध्ये घेतलेला प्रकाश साधारण -८ ते -२७ डीबीएममध्ये हवा. -२७ च्या आसपास रेंगाळत असेल तर तार कुठेतरी वाकलेली किंवा जोड मळलेला असू शकतो. केबल मोडेममध्ये दुरुस्त न झालेल्या चुकांचा आकडा बघा. तो तासाभरात वाढतच असेल तर लाइनमध्ये खोट आहे.

> सावध: फायबरचा जोड स्वतः काढून पुसू नका, आणि तारेच्या टोकात डोळा घालून तर कधीच बघू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

## ७. तिसरा तुकडा: कंपनीच्या पुढे

इथे तुमच्या हातात कमी आहे. गेममध्ये रीजन बदलता येत असेल तर बदलून बघा. मोबाइल हॉटस्पॉटवरून त्याच सर्व्हरला पिंग करा: तिथून स्वच्छ असेल तर तुमच्या कंपनीची वाट खराब, तिथूनही लॉस असेल तर सर्व्हरकडे गडबड.

व्हीपीएनचा उपयोग फक्त याच तुकड्यात होऊ शकतो, कारण तो वाट बदलतो. तो लावल्यावर लॉस गेला तर तक्रारीसाठी चांगला पुरावा मिळाला. पहिल्या दोन तुकड्यांतल्या लॉसवर व्हीपीएन काहीही करत नाही, कारण त्याची पॅकेटंही त्याच गळक्या वाटेने बाहेर पडतात.

आणि नेहमीचे दोन गैरसमज. डीएनएस फक्त नावावरून पत्ता शोधून देतो. सामना सुरू झाल्यावर त्याचा पॅकेटांशी संबंध उरत नाही. पोर्ट उघडल्याने एनएटीचा (घरातली अनेक यंत्रं एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवणाऱ्या राउटरच्या सोयीचा) प्रकार सुधारतो, जोडणी होणं किंवा व्हॉइस चॅट यांना त्याची मदत होते, पण गळणारी पॅकेटं थांबत नाहीत.

## ८. कंपनीकडे तक्रार

'गेम लॅग होतो' अशी तक्रार केली की उत्तर येतं, 'स्पीड टेस्ट करा, राउटर रीस्टार्ट करा.' त्यामुळे गेमचं नाव न घेता लाइनबद्दल बोला. उदाहरणार्थ: 'वायरने थेट मोडेमला जोडून रोज रात्री ९ ते ११ मध्ये तुमच्या पहिल्या गेटवेला ३०० पैकी ९ ते १२ पॅकेटं हरवतात. सकाळी ६ वाजता एकही नाही. आकडे सोबत आहेत.' हे वाचणाऱ्याला वाय-फायचा बहाणा उरत नाही आणि गर्दीच्या वेळेचा दोष आपोआप समोर येतो.

तक्रार क्रमांक घ्या. तंत्रज्ञ येणार असेल तर शक्यतो त्रासाच्या वेळी बोलवा आणि त्याच्यासमोर पिंग चालू ठेवा. दोष तिसऱ्या तुकड्यात असेल तर लॉस शेवटच्या ओळीपर्यंत टिकलेला दाखवणारा पाथपिंगचा निकाल जोडा आणि तो नेटवर्क विभागाकडे पाठवायला सांगा. घरी येणारा तंत्रज्ञ त्यात काही करू शकत नाही.

## ९. दुरुस्ती झाली का, ते तपासा

उपाय केल्यावर एक सामना चांगला गेला म्हणजे काम झालं असं नाही. ज्या फेरीत लॉस सापडला होता तीच फेरी, त्याच वेळी, त्याच तीन पत्त्यांवर सलग दोन-तीन दिवस करा आणि कागदावरच्या जुन्या आकड्यांशेजारी लिहा. रात्रीचा लॉस दुपारी मोजून 'गेला' म्हणू नका.

आकडे स्वच्छ आले की तयारीत बंद केलेल्या गोष्टी एकेक करून परत सुरू करा: आधी बॅकअप, मग लाँचर, मग मदरबोर्डचा तो नेटवर्क प्रोग्राम. एखाद्याबरोबर लॉस परत आला तर तो तिथेच बंद करून ठेवा.